आधी धुतलेले पाय

वसईच्या इनासवर माझा राग आहे. त्याला बहारीन सोडून दोन वर्षं होत आली, तरी तो उतरलेला नाही. इथल्या आपल्या माणसांत त्याचं नाव निघालं की लोक आवाज हळू करतात, मान एका बाजूला झुकवतात आणि म्हणतात, "देवमाणूस होता." मी त्यांना तिथल्या तिथे थांबवतो. देवमाणूस वगैरे काही नव्हता. हावरट होता. हे मी म्हणत नाही, त्याने स्वतः माझ्या तोंडावर कबूल केलंय. ते कसं, ते सांगायलाच मी बसलोय.

दिसायला सांगण्यासारखं काही नव्हतं. बुटका, पोट सुटलेला, डोक्याच्या मागच्या बाजूला केसांची एक पट्टी. इथल्या एका हॉस्पिटलात सव्वीस वर्षं वॉर्ड अटेंडंट होता. म्हणजे पेशंटला उचलायचं, पुसायचं, बेडपॅन द्यायचं, चादरी बदलायच्या. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा नेलकटर ठेवायचा. एक नाही, दोन. छोटा हातांच्या नखांसाठी आणि मोठा पायाच्या अंगठ्यासाठी. भेटल्यावर माणूस "कसं काय" विचारतो, हा विचारायचा, "पाय कसे आहेत?" पहिल्यांदा ऐकणारा गोंधळून स्वतःच्या पायांकडे बघायचा. तेवढ्यात हा बघून घ्यायचा, बूट घट्ट आहे का, टाच फुटलीय का, माणूस कुठल्या पायावर वजन टाकतोय.

हसायचा मोठ्याने, विनोद कुणी केलेला नसला तरी. पत्त्यांत उघड उघड लबाडी करायचा आणि पकडला गेला की जास्तच खूष व्हायचा. कुठेही वेळेवर पोचायचा नाही, कारण वाटेत कुणीतरी भेटलेलं असायचं. वसईला त्याची बायको होती, लुईजा. ती फोनवर त्याला सोलून काढायची आणि हा स्पीकर चालू ठेवून आम्हाला ऐकवायचा.

"बहारीनच्या सगळ्या टाचांना तुझा हात लागला," ती म्हणायची. "माझ्या टाचेच्या भेगांत आता चिंचोके मावतील."

इनास पोट धरून हसायचा. मला ते हसणं तेव्हाही आवडलं नव्हतं. बाई खरं बोलत होती.

मी रत्नागिरीकडचा. इथे आलो तेव्हा हिद्दच्या एका गोदामात माल चढवायचो, उतरवायचो. आज तसलंच एक गोदाम माझं आहे. जुफैरची हॉटेलं दर काही वर्षांनी खोल्या नव्या करतात. त्यांचे जुने पलंग, गाद्या, फ्रिज मी उचलतो, दुरुस्त करतो आणि विकतो. हा धंदा सगळा जिभेवर चालतो. समोरच्याने भाव सांगितला की मी हसतो, मी सांगितला की तो छातीला हात लावतो, उठून दारापर्यंत जातो, मी जाऊ देतो, तो परत येतो. इतक्या वर्षांत या खेळात मला एकट्या इनासने हरवलं, आणि तो तर खेळलाच नाही.

एका दुपारी तो गोदामात आला. हिद्दच्याच एका कॅम्पात बारा कामगार फरशीवर झोपत होते, त्यांच्यासाठी त्याला गाद्या हव्या होत्या. मी भाव सांगितला. अर्थातच दुप्पट.

"बरोबर आहे," इनास म्हणाला. "माल चांगला आहे. तेवढे होणारच."

मी वाट बघितली. तो पुढे काही बोलेना.

"मग? घेणार?"

"कसा घेणार शेठ? माझ्याकडे पाच गाद्यांपुरतेच आहेत."

"मग पाच ने."

"पाच नेल्या तर उरलेले सात जण माझ्याकडे बघतील."

"त्याला मी काय करू?"

"तू काय करणार? तुझा भाव बरोबरच आहे." असं म्हणून तो एका गादीवर टेकला आणि माझ्या पायांकडे बघायला लागला. "डावी टाच सकाळी उठल्या उठल्या दुखते ना तुझी?"

दुखत होती. पण तो मुद्दा नव्हता. घासाघीस करायची तर समोरच्याने दोरी ओढावी लागते. याने त्याचं टोक सोडून दिलं होतं आणि मी एकटाच ताणून उभा होतो. शेवटी मीच ओरडलो, "बाराच्या बारा ने आणि तोंड काळं कर!" वर पिकअपही माझाच द्यावा लागला, कारण याच्याकडे गाडी नव्हती.

तो गेल्यावर माझं डोकं थंड झालं आणि मला खात्री पटली की यात काहीतरी काळंबेरं आहे. माझ्या गाद्या हा कुठेतरी विकणार. पुढच्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली आणि मी त्याला रंगेहाथ पकडायला त्या कॅम्पात गेलो.

गाद्या तिथेच होत्या, बाराच्या बारा. आणि इनास एका उपड्या क्रेटवर बसला होता, समोर निळा प्लॅस्टिकचा टब, टबात कोमट पाणी, आणि पाण्यात एका तेलंगणाच्या गवंड्याचे पाय. इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून या ख्रिस्ती लोकांची रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, तीही शुक्रवारीच होते. ती झाली की हा टब घेऊन कॅम्पात यायचा. गवंड्याला साखरेचा आजार होता. स्वतःची नखं कापताना जखम झाली तर भरत नाही, आणि डोळ्यांनाही नीट दिसत नव्हतं. तो बिचारा लाजेने छताकडे बघत होता. इनास त्याला हिंदीत म्हणत होता, "अरे मल्लय्या, तेरे अंगूठे में तो पूरी बिल्डिंग का सिमेंट है. कंपनी को बोल, वापस ले जाए." मल्लय्या हसला आणि त्याची मान खाली आली.

मी तिथेच उभा राहून विचारलं, "काय मिळतं रे तुला यात?"

त्याने मांडीवरचा कागद पुढे केला. त्यावर कापलेली नखं होती. "आज एवढी मिळाली."

"चेष्टा नको. वर जागा राखून ठेवतोयस ना? जन्नतमध्ये प्लॉट?"

"मिळाला तर विकायला तुझ्याकडेच देईन शेठ. तू भाव चांगला काढतोस."

"खरं सांग."

"मजा येते रे," तो म्हणाला. "बंद पडलेला फ्रिज तू हात घातल्यावर घरघरायला लागतो, तेव्हा तुला नाही का येत?"

"येते. पण मी त्याचे पैसे घेतो."

"मग तुला दोनदा मिळतं. मला एकदाच. तरी मी भांडतो का?"

असल्या माणसाशी काय बोलायचं? तरी मी त्याला अदलियाला त्याच्या खोलीवर सोडायला निघालो. टब मांडीवर घेऊन तो शेजारी बसला, आणि त्या वाटेवर त्याने मला बारा माणसांची गोष्ट सांगितली. ती नीट ऐका, कारण माझ्या रागाची मुळी तिथे आहे.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, यांच्या चर्चमध्ये फादर बारा माणसांचे पाय धुतात. येशूने शेवटच्या जेवणाला आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते, म्हणून. इनास विशीत असताना वसईला त्याच्या गावच्या चर्चमध्ये त्या बाराजणांत त्याचं नाव लागलं. आईने त्याला सकाळपासून धरलं. गरम पाणी, दगड, साबण, शिकेकाई. टाचा लाल होईपर्यंत घासल्या. नवे मोजे. वाडीतून त्याला सायकलवर नेलं, चालत नाही, धूळ लागेल म्हणून. तिथे गेल्यावर बघतो तर अकराही जण तसेच. बाराजण ओळीने बसलेले आणि चोवीस पाय चकचकीत. एकाच्या पायाला तर पावडर.

"फादर आले," इनास म्हणाला, "गुडघ्यावर बसले, पाणी ओतलं, पुसलं. टबातलं पाणी होतं तसंच राहिलं, शेठ. पिता आलं असतं. मी म्हटलं, हे कसलं धुणं? ज्याचे खरंच मळलेत, तो मागच्या बाकावर बसलाय. शेतातून थेट आलेला."

"मग?"

"मग काय? तेव्हापासून मागचा बाक शोधतो."

आणि हसला. चर्चच्या गोष्टीत मला काय घेणं, म्हणून मी गाडी जोरात मारली.

पुढच्या वर्षी अब्बांना अर्धांगवायू झाला. अब्बा जहाजावर सारंग होते, खलाशांचे मुकादम. आयुष्य दोरखंड आणि शिव्या यांत गेलं. त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसलो नाही, आणि त्यांनी मला कधी जवळ बसवलं नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा मी त्यांना गावाहून इथे मुहर्रकला माझ्या घरी आणलं. हॉस्पिटलसारखा पलंग आणला, तोही नवा. एजन्सीचा माणूस ठेवला, दिवसभराचा. एका मुलाने करायचं ते सगळं केलं.

पण अब्बा शांत होत नव्हते. दिवसातून चारपाच वेळा चादरीखालून डावा पाय बाहेर काढायचे आणि डाव्या हाताने पलंगाची दांडी बडवायचे. डॉक्टरने मलम दिलं. दुसऱ्या डॉक्टरने गोळी दिली. मोजे घालून बघितले, पंखा लावून बघितला. माझी बायको सकीना पाय दाबत बसायची, तरी दांडी बडवणं चालूच. चार महिने. अब्बांना काय हवंय, एवढंच मला कळायला हवं होतं. आख्ख्या बहारीनमध्ये कुणाला काय हवंय ते मी चेहऱ्यावरून ओळखतो, त्यावरच पोट भरतो, आणि माझ्या बापाचं मला कळत नव्हतं.

शेवटी मी इनासला बोलावलं. पाहुणा येणार, परका माणूस चादर उचलून बघणार, म्हणून सकाळीच एजन्सीच्या माणसाकडून अब्बांना अंघोळ घातली, पाय साबणाने घासून घेतले, नवी चादर, अत्तर. इनास आला, चादर वर केली, वास घेतला आणि सरळ माझ्याकडे वळला. तो रागावलेला मी त्या एकदाच बघितला.

"कुणासाठी धुतलेस?"

"घरात माणूस येतो तेव्हा..."

"पावडर राहिली. ती पण लाव." त्याने चादर खाली टाकली. "मी काय सोयरीक बघायला आलोय? त्यांच्या अंगाला काय झालंय, कुठे लाल आहे, कुठे ओल धरते, ते तू पुसून टाकलंस. उद्या ड्युटीनंतर येतो. तोवर हात लावू नका कुणी."

माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर, मला. मी त्याला बाहेर काढणार होतो. सकीना मागून म्हणाली, "येऊ दे त्यांना. ते निदान बघतात तरी."

तो आला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. नुसता शेजारी बसायचा, केळं कुस्करून भरवायचा, वसईच्या केळीच्या बागांच्या थापा मारायचा. तिसऱ्या दिवशी असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची, बांग झाली. मशीद आमच्या घराला लागूनच आहे. मी नेहमीसारखा टोपी घालून निघालो, दारात चप्पल पायात सरकवली, तेवढ्यात आतून हाक आली.

"शेठ! थांब! इकडे ये आधी!"

मी आत गेलो. अब्बांचा पाय बाहेर होता आणि हात दांडी बडवत होता.

"हे बांगेलाच करतात," इनास म्हणाला. "काल पण बांगेलाच केलं. परवा पण. त्यांना नमाज पढायचीय. आणि त्याआधी पाय धुवायचेत. तुमच्यात धुतात ना?"

मी तिथेच उभा. पाचही वेळच्या बांगेला माझा बाप चार महिने पाय पुढे करत होता, वजूसाठी. आणि पाचही वेळच्या बांगेला मी नेमका गोदामातून किंवा घरातून उठून मशिदीकडे धावत होतो, पहिल्या रांगेत जागा मिळावी म्हणून. त्या क्षणाला मी त्या खोलीत कधी नव्हतोच.

मी म्हणालो, "आजारी माणसाला माफ आहे. तयम्मुम चालतं, मातीवर हात टेकवून. पाणी लागत नाही."

अब्बांनी दांडीवर असा हात मारला की पाण्याचा पेला खाली पडला.

"त्यांना माफी नकोय," इनास म्हणाला. "पाणी हवंय. आधी काय धुतात, सांग."

मी उंबऱ्यात उभा राहून सांगत होतो आणि वसईचा एक ख्रिस्ती माणूस माझ्या बापाला वजू करवत होता. हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. याने प्रत्येक गोष्ट एकदाच केली. अब्बांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली. "तीनदा? चाचा, पहिल्यापासून?" अब्बांनी मान हलवली. इनासने सगळं पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदा पायावर पाणी पडलं तेव्हा अब्बांचं वाकडं झालेलं तोंड हललं, आणि घशातून आवाज आला. ते हसत होते. हा तर खदखदत होताच. दोघं म्हातारे टबाच्या दोन बाजूंना हसतायत आणि मी टोपी घालून उभा. मशिदीतली माझी जमात, सगळ्यांबरोबरची नमाज, चुकली.

तुम्ही म्हणाल, यात रागावण्यासारखं काय? माझ्या जागी उभे राहून बघा. मी आभार मानले. पाकीट पुढे केलं, त्याने घेतलं नाही, त्याचाही राग आला. पैसे घेतले असते तर गोष्ट तिथे संपली असती.

मग तो रोज असरला यायला लागला, हॉस्पिटलची ड्युटी सुटली की. दिवसाचं बाकीचं एजन्सीचा माणूस करायचा. इनास मला म्हणायचा, "पहाटेचं, फजरचं तू कर ना. तेव्हा तू घरीच असतोस." मी गोदामाचं कारण द्यायचो. खरं कारण हे की त्या पायांना मी उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता आणि कुठून धरायचं ते मला माहीत नव्हतं.

एकदा केलं. इनास समोर असताना, तो म्हणाला म्हणून, खाली बसलो आणि अब्बांचा पाय हातात घेतला. अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मग पाय ओढून घेतला, हळूहळू, जोर लावून, आणि इनासच्या मांडीवर ठेवला.

"तू घाई करतोस," इनास मला नंतर दारात म्हणाला. "फ्रिज उचलतात तसा उचललास. हलका धर, ते देतील."

"तू शिकवणार मला? माझा बाप आहे!"

"मग उद्या परत बस."

दुसऱ्या दिवशी नाही बसलो. त्यानंतर कितीतरी दिवस नाही बसलो. असरला मुद्दाम गोदामातच थांबायचो आणि तिकडे माझ्या घरी माझा बाप हसायचा. सकीना सांगायची, आज असे हसले, आज तसे हसले. मी जेवणाचं ताट सरकवायचो.

मग तो शुक्रवार. सकाळी जुफैरला एका हॉटेलचा माल बघत होतो. खोलीतली गादी उलटी केली आणि काय झालं कुणास ठाऊक, मनात आलं, आज जुम्मा आहे, आज अब्बांना मीच तयार करायचं. पाय ओढला तर ओढू दे. परत धरीन. पाचदा ओढला तर सहाव्यांदा धरीन. भाव करताना मी कधी पहिल्या नकाराला उठलोय? मालावरचं बोलणं अर्धवट टाकून मी घरी आलो. जिना चढतानाच बाह्या वर सारल्या.

खोलीत इनास टॉवेल पिळत होता. मिस्सा आटोपून थेट आला होता, नेहमीच्या वेळेच्या कितीतरी आधी. ज्याला आयुष्यात कुठे वेळेवर जाता आलं नाही, तो त्या दिवशी लवकर आला होता. अब्बांचे पाय टॉवेलवर होते, गुलाबी, नखं कापलेली, टाचांना खोबरेल.

"आज जुम्मा ना," तो खुषीत म्हणाला. "म्हटलं चाचांना नवरदेव करू. बघ, कसे दिसतायत!"

अब्बा माझ्याकडे बघत होते. त्यांनी डावा पाय थोडा माझ्या बाजूला सरकवला. मला तसं वाटलं. सकीना म्हणते, तुम्हाला वाटलं. मी म्हणालो, "नंतर," आणि बाहेर गेलो.

जुम्म्याच्या बांगेच्या आधीच ते गेले. इनास खोलीवर परतला होता, घरात सकीना होती. शांतपणे गेले.

असरनंतर कबरस्तानातल्या खोलीत मय्यतीला शेवटची अंघोळ घातली. आमच्यात ती घरच्या पुरुषांनी घालावी. मी घातली. इनासने सांगितला होता तसा हलका हात ठेवला, तेवढं तरी मला आलं होतं. आणि शेवटी पायांपाशी आलो. त्यांवर धूळ नव्हती. नखांत काही नव्हतं. टाचांना खोबरेलाचा वास होता. मी पाणी ओतलं, तीनदा, आणि ते फरशीवरून वाहत गेलं, होतं तसंच, स्वच्छ.

बाहेर आलो तर भिंतीपलीकडे उन्हात इनास उभा होता. आत येऊ का, असं त्याने कुणाला विचारलंही नव्हतं. मी त्याची कॉलर धरली. चार माणसं बघत होती.

"मला काही ठेवलं नाहीस," मी ओरडलो. "एक दिवस! एक दिवस नसतास आला तर तुझं काय जात होतं? तुझ्या त्या फादरसारखं केलंस मला. धुतलेले पाय धुतले मी माझ्या बापाचे! ऐकतोयस? धुतलेले!"

मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल. देवाची इच्छा, चाचा सुटले, असलं काहीतरी. बोलला असता तर मी मारलं असतं. तो तसाच उभा राहिला, कॉलर माझ्या मुठीत. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला जागा सोडायला पाहिजे होती. कळत होतं मला. रोज जिना चढताना ठरवायचो, आज येऊ नये, आज त्याला करू द्यावं. पण ते हसायचे ना, शेठ. मला त्याची चटक लागली होती." मग म्हणाला, "हावरट आहे मी. लुईजा पण तेच सांगते."

मी कॉलर सोडली. भांडायला आलेल्या माणसाच्या हातात याने पुन्हा दोरीची दोन्ही टोकं दिली होती. तेव्हापासून मी ती धरून आहे.

त्यानंतर सहासात महिने मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या निवृत्तीची वेळ आली, व्हिसा संपला. जायच्या दिवशी त्याने फोन केला. "टॅक्सी बोलवू का तू येतोस?" मी शिव्या दिल्या आणि गेलो. सव्वीस वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं होतं. निळा टब त्याने माझ्या डिकीत ठेवला. "विमानात घेत नाहीत. तुझ्याकडे राहू दे." गाडीत मी त्याला सगळं पुन्हा ऐकवलं, पहिल्यापासून. तो "हो" म्हणत होता.

एअरपोर्टवर बॅग देऊन झाली. आता तो आत जाणार, आणि मला अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती. कुठली ते आज आठवत नाही. तेवढ्यात त्याची मान बाजूला वळली. बाकावर एक म्हातारा कामगार बसला होता. गावी नवे बूट घालून उतरायचं, म्हणून खोक्यातून नवे कोरे बूट काढलेले. उजवा पायात गेला होता. डावा पाय सुजलेला, तो आत जात नव्हता. वाकलं की दम लागत होता.

इनासचा हात खिशाकडे गेला, पाऊल उचललं गेलं. मी मनात म्हटलं, झालं, सुरू झाला हावरट.

आणि तो थांबला. उचललेलं पाऊल परत जागेवर ठेवलं. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले, जत्रेत मिठाईच्या दुकानासमोर पोराला उभं करावं तसा. तोंड कसंनुसं झालं होतं. त्याला ते किती जड जात होतं, ते मला दिसत होतं.

"शेठ," तो म्हणाला. बाकी काही नाही.

"मी? इथे? लोक बघतायत."

त्याने हनुवटीने बाकाकडे खूण केली. मी त्याला एक सणसणीत शिवी दिली, पँट वर ओढली आणि त्या म्हाताऱ्यासमोर खाली बसलो. गुडघे वाजले. "बाबा, पैर दिखाओ," मी म्हटलं. त्याने पाय मागे ओढला. मी थांबलो. परत हात पुढे केला, हलका. त्याने दिला. मोजा घामाने कातडीला चिकटला होता, बोटांत सिमेंट होतं, वास येत होता. तो पाय कुणी आधी धुतलेला नव्हता. मी बुटाच्या नाड्या पार सैल केल्या, जीभ बाहेर ओढली आणि टाच आत बसवायला मला बराच वेळ लागला.

बसली तेव्हा मी वर बघितलं, इनासला दाखवायला. तो गेला होता. लांब, काचेच्या दारापलीकडे, माणसांच्या रांगेत त्याचं टक्कल आणि केसांची ती पट्टी दिसली. हात अजून पाठीमागेच होते, एकमेकांत धरलेले. मी हाक मारली. साऱ्या हॉलने वळून बघितलं, त्याने नाही.